गुणक्षय आणि पात्र : भूमिका-खेळातील क्षीणतेच्या नियमांचा कथनदृष्ट्या विचार

१. प्रास्ताविक

पात्रचित्रणाची चर्चा करताना आपण प्रथम पात्राचे गुण सांगतो आणि मग त्या गुणांत झालेला पालट सांगतो. 'नायक खचला', 'तिची बुद्धी भ्रमली', 'त्याचे तेज ओसरले' अशी विधाने समीक्षेत सहज येतात. परंतु खचणे, भ्रमणे, ओसरणे या क्रियांनी नेमके काय घडते? गुणच कमी होतो, की गुण शाबूत राहून त्याचा आविष्कार अडतो, की ज्याच्या ठायी तो गुण होता तो आश्रयच नाहीसा होतो? हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. कादंबरीला किंवा नाटकाला त्याचे उत्तर देण्याची निकड नसते; भाषेची संदिग्धता तेथे उपकारकच ठरते. मात्र कथनाचा एक प्रकार असा आहे, की ज्यात हे उत्तर दिल्यावाचून कथा एक पाऊलही पुढे सरकत नाही. तो म्हणजे टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे यांच्या साहाय्याने खेळावयाचा अद्भुतरम्य भूमिका-खेळ.

प्रस्तुत लेखात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळातील पात्रांच्या गुणक्षयाचे नियम तपासावयाचे आहेत. हे नियम केवळ हिशेबाचे नसून त्यांत पात्र म्हणजे काय याविषयीची एक भूमिका अंतर्भूत आहे, आणि गुण क्षीण होऊ लागतो तेव्हाच तो वर्णनाच्या कक्षेतून कथनाच्या कक्षेत येतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. विवेचनासाठी प्रामुख्याने या खेळाची २००० साली आलेली आणि २००३ साली सुधारलेली तिसरी आवृत्ती आधाराला घेतली आहे. कारण क्षीणतेचे सर्वांत सूक्ष्म वर्गीकरण तीतच आढळते.

२. पात्रपत्रक : नाम आणि गुण

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा येथून प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार असतो. खेळाच्या परिभाषेत त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. जगाचे वर्णन, इतर सर्व पात्रांचे बोलणे आणि नियमांचा निवाडा ही त्याची कामे. खेळाडू आपल्या पात्राची कृती सांगतात. जेथे यशापयशाविषयी शंका असते तेथे फासे टाकले जातात.

प्रत्येक पात्राचे एक पत्रक असते. त्यावर नावाखाली सहा गुण लिहिलेले असतात. त्यांना मराठीत बळ, चापल्य, प्रकृती, बुद्धी, विवेक आणि प्रभाव असे म्हणता येईल. मूळ पद्धतीत तीन फाशांची बेरीज करून प्रत्येक गुणाचा अंक ठरविला जाई. म्हणजे तो ३ ते १८ यांच्या दरम्यान पडे आणि त्याची सरासरी साडेदहा येई. तीनही फाशांवर सहा पडून १८ हा अंक येण्याची शक्यता २१६ मध्ये एक इतकी अल्प आहे. या अंकाला आपण गुणांक म्हणू.

रोलां बार्त याने 'एस/झेड' (१९७०) या ग्रंथात पात्राची जी मीमांसा केली आहे, तिची येथे आठवण होते. एकाच विशेषनामाभोवती काही अर्थघटक पुनःपुन्हा येऊन स्थिरावले की पात्र निर्माण होते, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. पात्रपत्रक ही या विचाराची जवळजवळ शब्दशः अंमलबजावणी होय : वर नाव, खाली गुण. परंतु जोवर हे गुण स्थिर असतात तोवर ते फक्त वर्णन असते. 'बळ १६' हे विधान 'तो बलदंड होता' या विधानाहून कथनदृष्ट्या वेगळे नाही. बार्तच्या मांडणीने उभा केलेला खरा प्रश्न उलट दिशेने विचारावा लागतो. नावाभोवती जमलेले गुण एकेक करून वजा होऊ लागले, तर नावापाशी काय उरते? क्षीणतेचे नियम हा प्रश्न विचारतात.

३. क्षीणतेच्या तीन परी

तिसऱ्या आवृत्तीने गुणांकात येणाऱ्या उणेपणाचे तीन प्रकार मानले. त्यांना अनुक्रमे वजावट, हानी आणि शोष अशी नावे देऊ.

वजावट ही मुदतीची असते. उदाहरणार्थ, एक मंत्र शत्रूच्या बळातून काही अंक वजा करतो. परंतु मंत्राची मुदत मिनिटांत मोजली जाते आणि त्याने बळ १ च्या खाली कधीच जात नाही. येथे गुण नष्ट झालेला नाही, तो दडपला गेला आहे. दडपण सरले की तो जसाच्या तसा परत येतो आणि मागे काही खूण राहत नाही.

हानी ही जखमेसारखी असते. ती दिवसाला एक अंक या गतीने भरून येते. पात्राने पूर्ण वेळ अंथरुणावर विश्रांती घेतली तर ही गती दुप्पट होते. विषाचा परिणाम साधारणपणे या प्रकारात मोडतो. खेळाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत प्राणघातक विष म्हणजे बहुतांशी एकच निर्णायक फेक असे : साधली तर जीव वाचला, हुकली तर मरण. तिसऱ्या आवृत्तीने विषाला दोन टप्पे दिले. विष अंगात जाताच एक परिणाम आणि एका मिनिटाने दुसरा. दोन्ही वेळी बचावाची स्वतंत्र फेक आणि दोन्ही वेळी गुणाची हानी. म्हणजे जो प्रसंग पूर्वी एक क्षण होता, तो आता प्रक्रिया झाला.

शोष हा तिसरा प्रकार कायमचा होय. शोषलेले अंक कितीही विश्रांती घेतली तरी परत येत नाहीत. त्यांच्यासाठी पुनःस्थापनेचा मंत्र लागतो. तो जाणणारा पुरोहित शोधावा लागतो आणि त्याचे मोल द्यावे लागते.

हे वर्गीकरण तीव्रतेचे आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. वस्तुतः ते काळाचे आहे. वजावटीचा काळ बाहेरून ठरतो, कारण मंत्राची मुदत हीच तिची मुदत. हानीचा काळ देहाच्या आतून ठरतो, कारण भरून येणे हा देहाचाच धर्म आहे. शोषाला असा काळच नाही. तेथे दिवस मोजण्याचा उपयोग नसतो, कोणाकडे तरी जावे लागते. एक पात्र विषाने बळाचे चार अंक गमावून बसले, की मंडळींपुढे लगेच प्रश्न येतो : चार दिवस थांबावे, की अशक्त सोबत्याला घेऊन पुढे निघावे? थांबले, तर सूत्रधार 'चार दिवस गेले' असे एका वाक्यात सांगतो. ज्याला जेरार जेनेत संक्षेप म्हणतो तो हाच. निघाले, तर पुढील प्रत्येक प्रसंगावर त्या उणेपणाची छाया पडते. 'बळ १६' या नोंदीतून कोणतीच घटना संभवत नव्हती. 'बळ १६ चे १२ झाले' या नोंदीतून मात्र वाट पाहणे, घाई, काळजी, वाद आणि निर्णय हे सर्व संभवते. वर्णनाचे कथनात रूपांतर होते ते येथे.

४. उंबरठे : दिसणारा आणि न दिसणारा क्षय

तिसऱ्या आवृत्तीत गुणांक स्वतः क्वचितच फाशाच्या फेकीत मिळविला जातो. त्यापासून काढलेला एक लहान अंक मिळविला जातो. खेळाडू त्याला 'मॉडिफायर' म्हणतात. गुणांकातून १० वजा करावे, उरलेल्याचे निम्मे करावे आणि अपूर्णांक आल्यास खालचा पूर्णांक घ्यावा, अशी त्याची रीत आहे. म्हणून १६ चा मॉडिफायर ३, १५ चा २ आणि १४ चाही २.

या साध्या रीतीतून एक अर्थपूर्ण विषमता निर्माण होते. बळ १६ असलेल्या योद्ध्याचा एक अंक गेला, की त्याचा प्रत्येक वार दुबळा होतो. दुसऱ्या दिवशी आणखी एक अंक गेला, तर त्याच्या वारात काहीच फरक पडत नाही. हानी दोन्ही वेळी सारखीच. पहिली जाणवते, दुसरी जाणवत नाही. परंतु न जाणवलेल्या हानीने त्याला पुढच्या उंबरठ्यावर आणून ठेवलेले असते. क्षय सलग होत असतो, त्याचा प्रत्यय मात्र पायऱ्यापायऱ्यांनी येतो. दीर्घ आजारात किंवा म्हातारपणात माणसाच्या शक्तीचे असेच होते, हे निराळे सांगावयास नको. जिना चढताना एके दिवशी धाप लागते. ज्या महिन्यांत शक्ती जात होती ते महिने ध्यानातही आलेले नसतात.

शिवाय एका गुणाचा क्षय त्या गुणापुरता राहत नाही. प्रकृतीचा मॉडिफायर एकाने उतरला, की पात्र जितक्या पातळीचे असेल तितके त्याचे जीवनांक कमी होतात. आठव्या पातळीवरील योद्ध्याची प्रकृती १४ वरून १२ वर आली तर आठ जीवनांक जातात; आधीच घायाळ असलेला योद्धा एवढ्यानेच कोसळू शकतो. मांत्रिकाची गोष्ट याहून निराळी. जितक्या पातळीचा मंत्र, तितके १० मध्ये मिळवून येणाऱ्या अंकाइतकी तरी बुद्धी त्याला लागते. बुद्धी १५ असताना तो पाचव्या पातळीचा मंत्र म्हणू शकतो; १४ होताच त्या पातळीचे मंत्र त्याला म्हणता येत नाहीत, जरी त्याचा मॉडिफायर दोन होता तो दोनच राहिलेला असतो. सामान्य व्यवहारात तो पूर्वीइतकाच बुद्धिमान भासतो. त्याच्या विद्येचे शिखर तेवढे हरवलेले असते. सर्वसाधारण कुवत टिकून सर्वोच्च सामर्थ्य नाहीसे होणे ही कलावंताच्या उतरणीची एक ओळखीची रीत आहे, आणि ती येथे दोन अंकांच्या फरकात पकडली गेली आहे.

५. शून्याचे सहा अर्थ

गुणांक शून्यावर आला तर काय होते? सहा गुणांसाठी तिसऱ्या आवृत्तीने सहा निरनिराळी उत्तरे दिली आहेत. बळ शून्य झाले की पात्र जमिनीवर निपचित पडते. त्याला हालता येत नाही. चापल्य शून्य झाले की तेही हालू शकत नाही, परंतु ते पडत नाही. ताठ, निश्चल उभे राहते. बुद्धी शून्य झाली की विचारच थांबतो आणि ते बेशुद्धीसारख्या अवस्थेत जाते. विवेक शून्य झाला की ते दुःस्वप्नांनी भरलेल्या गाढ निद्रेत बुडते. प्रभाव शून्य झाला की ते स्वतःत मिटून जाते आणि बाहेरच्या जगाला प्रतिसाद देईनासे होते. केवळ प्रकृती शून्य झाल्यासच मृत्यू येतो.

या यादीतील भेद चिंतनीय आहेत. बळ आणि चापल्य या दोहोंच्या अंती निश्चलताच आहे. पण एक आडवी आहे आणि एक उभी. बुद्धीच्या अंती विचारशून्यता आहे, विवेकाच्या अंती मात्र विचारांचा निरंकुश कल्लोळ आहे. विवेक गेलेल्या मनाला शांत झोप लाभत नाही, त्याला दुःस्वप्ने घेरतात, ही कल्पना मानसशास्त्रदृष्ट्या मार्मिक आहे. प्रभाव हा गुण सामान्यतः रूपाशी किंवा वक्तृत्वाशी जोडला जातो. त्याचे शून्य म्हणजे कुरूपता असेल असे वाटावे. परंतु नियमकर्त्यांनी त्याचे शून्य म्हणजे 'स्व'चे मिटून जाणे मानले. प्रभाव म्हणजे आपण कोणीतरी आहोत हे जगासमोर मांडण्याची शक्ती, हा त्या गुणाचा खरा अर्थ त्याच्या व्याख्येपेक्षा त्याच्या शून्यातून अधिक स्पष्ट होतो. गुणाची ओळख त्याच्या अभावावरून पटते ती अशी.

अभावाचा आणखी एक भेद येथे लक्षात घ्यावयास हवा. काही प्राण्यांच्या पत्रकावर एखाद्या गुणापुढे अंकाऐवजी नुसती आडवी रेघ असते. मृत होऊनही वावरणाऱ्या पिशाच्चांना प्रकृती नसते, देहहीनांना बळ नसते. गुण नसणे आणि गुण शून्य असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, असे नियमच बजावतात. वैशेषिकांनी अभावाचे जे प्रकार मानले आहेत त्यांची परिभाषा येथे उपयोगी पडेल. शून्य म्हणजे प्रध्वंसाभाव : होते ते नष्ट झाले. रेघ म्हणजे अत्यंताभाव : ते तेथे संभवतच नाही. प्रकृती शून्य झालेला माणूस मरतो. प्रकृतीच नसलेले पिशाच्च त्या मार्गाने मरूच शकत नाही.

या भेदाचे सर्वांत परिणामकारक रूप 'छाया' या प्राण्यात दिसते. हा प्राणी १९७७ च्या प्राणिकोशातही होता आणि बळ हिरावून घेणे हे तेव्हापासून त्याचे लक्षण आहे. तिसऱ्या आवृत्तीत छायेच्या एका स्पर्शाने बळाचे एक ते सहा अंक जातात. ज्या मानवाचे बळ तिच्या स्पर्शाने शून्य होते तो अल्पावधीतच स्वतः छाया बनतो. आणि छायेच्या पत्रकावर बळापुढे काय असते? रेघ. जिला बळ ठाऊकच नाही ती दुसऱ्याचे बळ संपविते आणि त्याला आपल्यासारखे करते. प्रध्वंसाभावातून अत्यंताभावात होणारे हे संक्रमण म्हणजे पात्राचा खरा अंत. ज्याने बळ गमावले तो अजून बलवान होता त्याची आठवण वागवितो. ज्याच्यापुढे रेघ पडली त्याची ती आठवणही पुसली जाते.

६. बुद्धीचा क्षय आणि खेळाडूची जबाबदारी

येथवर आपण पात्राकडे पाहिले. परंतु भूमिका-खेळात पात्रामागे एक जिवंत माणूस बसलेला असतो. समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी 'शेअर्ड फँटसी' (१९८३) या अभ्यासात, अर्व्हिंग गॉफमन यांच्या चौकट-विश्लेषणाच्या आधारे, या खेळातील व्यक्ती तीन चौकटींत एकाच वेळी वावरते असे दाखविले : माणूस म्हणून, खेळाडू म्हणून आणि पात्र म्हणून. सामान्यतः या चौकटी एकमेकींवर अलगद बसलेल्या असतात. क्षीणतेच्या वेळी त्यांच्यातील फट उघडी पडते.

पात्राचे बळ गेले तर खेळाडूला काही करावे लागत नाही. फासाच ते काम करतो. बुद्धी गेली तर तसे होत नाही. नियम मांत्रिकाचे मंत्र थांबवू शकतो. परंतु टेबलापाशी बसलेल्या खेळाडूला सुचलेली हुशार युक्ती तो थांबवू शकत नाही. पात्राची बुद्धी उतरते, खेळाडूची उतरत नाही. त्यामुळे बुद्धीच्या क्षयाचा अर्धा भाग पत्रकावर लिहिला जातो आणि उरलेला अर्धा खेळाडूच्या वाणीने व संयमाने लिहावा लागतो.

या प्रसंगी खेळाडूपुढे तीन वाटा असतात. पहिली, क्षयाकडे दुर्लक्ष करणे. मग अंक बदलतो आणि पात्र तेच राहते. दुसरी, नक्कल करणे : बोबडे बोलणे, वेडगळ हसणे, मतिमंदतेला विनोदाचे साधन करणे. ही वाट सोपी आहे आणि म्हणूनच तिच्यावर गर्दी असते. पण तीत पात्राचे दुःख नाहीसे होऊन त्याचे विडंबन तेवढे उरते, आणि टेबलाबाहेरच्या खऱ्या माणसांचाही अवमान होतो. तिसरी वाट संयमाची. खेळाडूला उत्तर ठाऊक असते आणि तो गप्प बसतो. इतरांना हे ठाऊक असते की त्याला ठाऊक आहे. या मौनात जो नाट्यात्म उपरोध आहे, तो रंगभूमीवरही सहज साधत नाही. कारण तेथे जाणता प्रेक्षक आणि अजाण पात्र हे दोघे वेगळे असतात, येथे ते एकाच देहात असतात.

या संदर्भात तिसऱ्या आवृत्तीतील मतिनाशाच्या मंत्राची नोंद घेणे आवश्यक आहे. या मंत्राने बुद्धी आणि प्रभाव हे दोन्ही गुण १ वर येतात. त्या व्यक्तीला मंत्र म्हणता येत नाहीत, भाषा कळत नाही, सुसंगत बोलता येत नाही. नुसत्या काळाने ही अवस्था संपत नाही. तिच्यासाठी उच्च कोटीची जादू लागते. परंतु एवढे सर्व हिरावून घेतल्यावर नियम एक अपवाद नोंदवितो : ती व्यक्ती आपले मित्र कोण हे ओळखते, त्यांच्यामागून चालू शकते आणि प्रसंगी त्यांचे रक्षणही करू शकते.

हा अपवाद खेळाच्या गणिताला अनिवार्य नव्हता. तरीही तो आला, आणि त्याने बार्तच्या मांडणीने उभ्या केलेल्या प्रश्नाला एक उत्तर दिले. नावाभोवतीचे गुण गळून पडले, भाषाही गेली, तरी नावापाशी संबंध उरतो. पात्र म्हणजे केवळ गुणांचा समुच्चय नव्हे. इतर पात्रांशी असलेले त्याचे नाते हे गुणांच्या रकान्यात न मावणारे असे काहीतरी आहे. ज्यांनी घरातील वडीलधाऱ्यांची स्मृती हळूहळू जाताना पाहिली आहे त्यांना हा नियम खेळापुरता वाटणार नाही. नाव आठवत नाही, पण हाताचा स्पर्श ओळखला जातो.

७. वार्धक्य : दुहेरी नोंद

शत्रू, विष, मंत्र हे क्षयाचे आगंतुक हेतू झाले. तिसऱ्या आवृत्तीने एक स्वाभाविक हेतूही मानला होता, तो म्हणजे वय. मानवी पात्राला ३५ व्या वर्षी मध्यमवय, ५३ व्या वर्षी वार्धक्य आणि ७० व्या वर्षी अतिवार्धक्य प्राप्त होते. या तीन टप्प्यांवर बळ, चापल्य आणि प्रकृती यांतून अनुक्रमे १, २ आणि ३ अंक वजा होतात; म्हणजे एकूण ६. त्याच तीन टप्प्यांवर बुद्धी, विवेक आणि प्रभाव यांत प्रत्येकी एकेक अंकाची भर पडते. म्हणजे एकूण ३. अतिवृद्ध पात्राचे आयुष्य किती उरले आहे हे सूत्रधार गुप्तपणे फासे टाकून ठरवितो. खेळाडूला ते कळत नाही.

जे जाते ते जे येते त्याच्या दुप्पट आहे, ही नोंद रोखठोक आहे. पण काहीतरी येते, हेही ती नाकारीत नाही. अर्थात या कल्पनेत एक भाबडेपणा आहे. वयाबरोबर बुद्धी आणि विवेक वाढतातच असे नाही. प्रत्यक्ष वार्धक्यात देह आणि मन यांची अशी नीटस वाटणी क्वचितच होते. तरीही क्षय आणि प्राप्ती यांचा एकत्र हिशेब मांडणारा हा एकच नियम आहे, आणि त्यामुळे दीर्घकाळ चाललेल्या खेळात पात्राच्या चरित्राला चढ-उताराचा आकार मिळू शकतो.

८. नंतरचे स्थित्यंतर : गुणाकडून अवस्थेकडे

तिसऱ्या आवृत्तीची ही व्यवस्था पुढे टिकली नाही. तिची व्यावहारिक अडचण उघड होती. गुणांक बदलला, की त्यावर अवलंबून असलेला प्रत्येक अंक नव्याने काढावा लागे. ऐन लढाईत खेळ थांबे आणि खोडरबर चाले. तिच्याच नियमांवर आधारलेल्या 'पाथफाइंडर' (२००९) या खेळाने यावर एक तोड काढली. हानीने गुणांक प्रत्यक्षात उतरत नाही. तो आहे तसाच राहतो आणि हानीच्या दर दोन अंकांमागे संबंधित फेकींतून एक वजा केला जातो. मूळ अंक कायम, शेजारी उणेपणाची वेगळी नोंद. पाथफाइंडरच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत बळाची, चापल्याची आणि प्रकृतीची क्षीणता या तीन वेगळ्या अवस्था झाल्या. मात्र बुद्धी, विवेक आणि प्रभाव यांच्यासाठी मिळून एकच अवस्था ठेवली गेली. दुःस्वप्नांची निद्रा आणि स्वतःत मिटणे यांतील भेद तेथे मावळला. २०२३ च्या संस्करणात तर गुणांकच गेले आणि केवळ मॉडिफायर उरले. त्यांच्याबरोबर न जाणवणाऱ्या क्षयाची पायरीही गेली.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) गुणांक उतरविणारे प्रसंग मोजकेच राहिले. छाया अजूनही बळ हिरावते, पण गेलेले बळ तासाभराच्या विश्रांतीनेही परत येते. वयाचे नियम गाळले गेले. या सर्वांऐवजी मध्यवर्ती ठरला तो 'थकवा'. त्याच्या सहा पातळ्या आहेत : आधी कौशल्याची कामे अवघड होतात, मग चाल निम्मी होते, मग वार आणि बचाव दुबळे पडतात, मग जीवनांकांची मर्यादा निम्मी होते, मग चाल थांबते आणि सहाव्या पातळीवर मृत्यू येतो. २०२४ च्या सुधारणेत हेही सोपे झाले : दर पातळीमागे वीस-अंकी फाशाच्या फेकीतून दोन वजा आणि चालीतून पाच फूट वजा, सहाव्या पातळीचा मृत्यू मात्र कायम.

या स्थित्यंतराचे स्वरूप आपल्या परिचयाच्या परिभाषेत सांगता येईल. नाट्यशास्त्रातील तेहतीस व्यभिचारी भावांत ग्लानी, श्रम, जडता, उन्माद, व्याधी आणि मरण यांचा समावेश आहे. हे भाव येतात आणि जातात. पात्राच्या स्वभावाची घडण त्यांनी बदलत नाही. पाचव्या आवृत्तीचा थकवा या कोटीतला आहे. तो पात्रावर येतो. पात्राच्या गुणांत शिरत नाही. तिसऱ्या आवृत्तीतील शोष याच्या उलट होता. तो पात्राच्या घडणीलाच हात घालीत असे. म्हणजे गेल्या पाव शतकात या खेळातील क्षीणता स्वभावाकडून संचारी अवस्थेकडे सरकली, असे म्हणता येईल. भरतमुनींनी मरणालाही व्यभिचारी भावांत स्थान दिले आणि थकव्याची शेवटची पातळीही मरणच आहे, हे साम्य योगायोगाचे असले तरी बोधक आहे.

या बदलाने खेळ सुटसुटीत झाला, यात शंका नाही. नवख्या खेळाडूला पाचवी आवृत्ती अधिक सुलभ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु काय गमावले तेही पाहावयास हवे. २०१४ पर्यंत मतिनाशाचा मंत्र बुद्धी व प्रभाव १ वर आणीत असे आणि मित्रांना ओळखण्याचा अपवादही त्यात होता. २०२४ मध्ये मंत्राचे नाव बदलले आणि त्याचा परिणाम मुख्यतः मानसिक आघात व मंत्र म्हणता न येणे एवढ्यावर आला. गुण उतरेनासे झाले, तेव्हा गुण उतरल्यावर काय उरते हे सांगण्याचीही गरज राहिली नाही. अपवाद गेला तो कोणी तो चुकीचा ठरविला म्हणून नव्हे. ज्या प्रश्नाचे तो उत्तर होता तो प्रश्नच मागे पडला म्हणून.

९. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, गुण स्थिर असताना पात्राचे केवळ वर्णन करतो. तो क्षीण होऊ लागला की काळ, निर्णय आणि परस्परावलंबन यांना जन्म देतो. दुसरा, क्षयाची कोटी तीव्रतेपेक्षा काळाने अधिक ठरते : मुदतीचा, भरून येणारा आणि परत न येणारा. तिसरा, प्रत्येक गुणाचा अंत वेगळा असतो आणि त्या अंतावरूनच गुणाचा खरा अर्थ उलगडतो. चौथा, गुणांच्या पलीकडे पात्रापाशी नाते उरते. आणि ज्या पद्धतीत गुण क्षीण होऊच शकत नाहीत त्या पद्धतीला हे शेष दाखविण्याची संधी मिळत नाही.

वर्गात पात्रांचे अधःपतन किंवा विघटन शिकविताना या भेदांचा उपयोग होण्यासारखा आहे. 'नटसम्राट' (१९७०) मधील गणपतराव बेलवलकरांची शोकांतिका सांगताना 'ते खचले' एवढ्यावर थांबता येत नाही. त्यांचे घर जाते, मान जातो, मनाचा तोल ढळतो; परंतु वाणीचे सामर्थ्य अखेरपर्यंत उरते. कोणता गुण गेला, कोणता नुसता दडपला गेला, कोणता उंबरठा ओलांडल्यावर क्षय इतरांच्या ध्यानात आला, आणि सर्व गेल्यावर कोण कोणाला ओळखत राहिले, असे चार प्रश्न विचारले तर पात्राची चर्चा विशेषणांच्या यादीत अडकून पडणार नाही. पात्रपत्रकावर पेन्सिलीने लिहिलेला आणि खोडलेला अंक हे प्रश्न विचारावयास लावतो. साहित्याच्या अभ्यासकाला या खेळाकडे पाहण्याचे तेवढे कारण पुरेसे आहे.